मरकागुड्याची घंटी

२ मे १९८६, चंद्रपूर

‘अज्ञात अवलिये’ या माहितीपटांच्या मालिकेतला दुसरा अवलिया आज आटोपला. हे गृहस्थ बावीस वर्षं गोंड राजाचं भुयार शोधताहेत. आतापर्यंत त्यांना शेजाऱ्याचं न्हाणीघर सापडलं आहे. पहिला अवलिया सिरोंच्याचा. त्याने पाण्यावर चालणारी सायकल बनवली आहे आणि ती खरोखर चालते, फक्त तिच्यावर माणूस बसलेला नसावा. बुडता बुडता तो तेलुगूत जे काही ओरडला, ते आम्ही ‘नदीची प्रार्थना’ म्हणून वापरणार आहोत.

मालिकेला पैसा पुरवणाऱ्या मुंबईच्या मंडळाची तार आली. पहिल्या भागाचं चित्रण पाहिलं म्हणे, मानवी बाजू कमी पडते. एअरकंडिशन खोलीत बसून मानवी बाजू मोजणारी ही माणसं कुठल्या तागडीत मोजतात, देव जाणे.

मी एकेचाळीस वर्षांचा आहे. माझ्या नावावर एक चित्रपट आहे आणि तो एक आठवडा चालला, त्यातले दोन दिवस थेटरवाल्याच्या सासरच्या माणसांनी भरले. तिसरा भाग चांगला झाला तर मंडळ तो दिल्लीच्या महोत्सवाला पाठवील. नाही झाला तर मी परत कुटुंबनियोजनाच्या जाहिराती करीन. तेव्हा मानवी बाजू कुठूनतरी पैदा करायलाच हवी.

५ मे, भामरागड

चंद्रपूर सोडल्यापासून जीप उसळते आहे. आम्ही तिघं आहोत. मी दिग्दर्शक. चौबळ कॅमेरामन, आवाजही तोच घेतो, आणि दिवसाला तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलायचं नाही असं त्याचं व्रत असावं. तिसरा ड्रायव्हर वारलू, तो चौबळच्या वाटणीचंही बोलतो.

हेमलकशाच्या दवाखान्यात थांबून चौबळच्या पोटासाठी गोळ्या घेतल्या. रांगेत त्याच्या पुढे अस्वलाने ओरबाडलेला एक माणूस मुकाट बसला होता. कण्हत होता तो चौबळ.

६ मे, मरकागुडा

गाव सव्वीस घरांचं, माडिया लोकांचं. एका अंगाला पर्लकोटा नदी, दुसऱ्या अंगाला पहाडी. मधे सपाट जमीन आणि नदीकाठी एक प्रचंड आंबा. माडिया भाषेत मरका म्हणजे आंबा, त्यावरून गावाचं नाव. सध्या तेंदूपत्त्याचा हंगाम असल्याने माणसं पहाटेच पानं तोडायला जातात आणि नऊच्या सुमारास परतून चुली पेटवतात.

आमचा तिसरा अवलिया गुणवंतराव उराडे. वय एकसष्ट, पांढरा सदरा, छातीच्या खिशात दोन पेनं, उजवा गुडघा अधू. घुग्घुसकडच्या एका कोळसा खाणीत एकतीस वर्षं नोकरी करून इथे येऊन राहिलेत. बायको वच्छलाबाई सोबत असतात. घरात बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली एक पत्र्याची पेटी, आणि पेटीवर एक रजिस्टर.

“जय भीम,” ते म्हणाले. “तुमचं पत्र भेटलं होतं. तुमी ‘विक्षिप्त संशोधक’ असं लिवलं होतं. वच्छलानं अर्थ पुसला, तं मी म्हटलं, हुशार.”

माणूस विनोदी आहे. चित्रीकरणात अडचण होणार.

७ मे

यंत्र पाहिलं. गावाच्या खालच्या अंगाला दीड मैलावर नदीत एक रिकामं डांबराचं पिंप बांधलं आहे. पाणी ठरावीक खुणेवर चढलं की पिंप तरंगतं, खुंटी निसटते, एक धोंडा खाली पडतो आणि तार ताणली जाते. ती दीड मैल तार झाडांवरून, सायकलच्या चाकांवरून, गावात येते आणि गुणवंतरावांच्या अंगणात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा आपटतो. ही घंटी. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी उलटं फिरतं आणि पाऊण तासात गावात शिरतं म्हणे. घंटीमुळे तो पाऊण तास हाताशी येतो.

घंटी वाजली की काय करायचं, हे सगळ्या गावाला पाठ आहे. आधी चुलीत पाणी ओतायचं. मग पानात बांधलेला बियाण्याचा गोळा उचलायचा, पोरं उचलायची आणि पहाडी चढायची. मी विचारलं, पूर येतोय आणि आधी चूल कशाला विझवायची?

“भात शिजून राह्यला म्हनून लोक थांबतेत, साहेब. ऐंशीच्या पुरात तसेच गेले, सात जन. चूल इझली का थांबायले कारनच उरत नाई.”

सातांपैकी एक त्यांची मुलगी भागीरथा. इथे बालवाडीची शिक्षिका होती. पोरं पहाडीवर पोचवली आणि हजेरीचं रजिस्टर आणायला परत गेली. रजिस्टर त्या पत्र्याच्या पेटीत होतं. पेटी झाडात अडकलेली सापडली. गुणवंतराव मुलीची पेटी न्यायला म्हणून आले आणि राहिले, ते आजपर्यंत.

मानवी बाजू! मी चौबळला डोळ्यांनी खूण केली. गुणवंतरावांना म्हटलं, हे पुन्हा एकदा सांगा, सावकाश, आणि भरून आलं तर थांबू नका. ते म्हणाले, “एकदा सांगतलं ना.” वच्छलाबाई उठून आत गेल्या.

त्या रजिस्टरच्या पहिल्या अकरा पानांवर भागीरथाच्या अक्षरात पोरांची हजेरी आहे. पुढच्या कोऱ्या पानांवर गुणवंतराव घंटीची नोंद ठेवतात. तारीख, वेळ, पाणी किती, आणि दोन रकाने, खरी व खोटी. पाच वर्षांत खरी चार. खोटीच्या रकान्यात नुसत्या आडव्या रेघा, म्हणजे एकही नाही. सरकारी खात्यात हा माणूस फार पुढे गेला असता.

८ मे

घंटी वाजतानाचा प्रसंग हवा. त्याशिवाय या भागात आहे काय, तर एक पिंप आणि एक म्हातारा. मी नम्रपणे विनंती केली, की उद्या सकाळी एकदा वाजवा, गाव पळू दे, आम्ही टिपतो.

“पानी कुठी हाय?” गुणवंतराव म्हणाले.

“पाणी आम्ही नंतर जोडू.”

“मंग घंटीबी नंतरच जोडा.”

मी कलेबद्दल थोडं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग कॅमेऱ्यासमोर बसून जे बोलले ते इथे उतरवतो:

“खानीत मी चानकाच्या, म्हंजे खाली उतरायच्या उभ्या भोकाच्या, तोंडावर उभा राहो, घंटीवर. एक घंटी म्हंजे थांब. दोन म्हंजे खाली सोड. तीन म्हंजे डोलीत मानसं हाएत, हळू. खाली चारशे फुटावर मानूस उभा. त्याले मी दिसत नाई, मले तो दिसत नाई. दोघाइच्या मंधात फकस्त घंटी. ते एक डाव झूट बोलली का संपलं. मंग खरी वाजली तरी तो आंधी इच्यार करन. आन इच्यार करायलेच तं टाइम नसते, साहेब.”

चार मिनिटं चाललं हे. चौबळने पूर्ण घेतलं. नंतर त्याचं आजचं पहिलं वाक्य आलं: “छान बोलला.” मी म्हटलं, भाषण आहे, कापावं लागेल.

९ मे

युक्ती सुचली. गुणवंतरावांची तार बऱ्याच ठिकाणी गंजली आहे. मी म्हटलं, मंडळातर्फे नवी तार भेट देतो, तुम्हीच वारलूबरोबर जीपने आलापल्लीला जा आणि पारखून घ्या. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम फुलला. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, “साहेब, तुमच्याबद्दल माह्या मनात वाईट आलं होतं.” उद्या पहाटे जाणार, परवा रात्री येणार. म्हणजे दोन दिवस मोकळे मिळाले. सज्जन माणसांचं एक बरं असतं, त्यांना कामाला लावता येतं.

१० मे

सकाळी साडेनऊ. चौबळ अंगणासमोर तयार. वच्छलाबाई मागे विहिरीवर होत्या. मी स्वतः तार ओढली.

काय प्रसंग झाला! घंटीचा पहिला ठोका पडला आणि चुलीपाशी वाकलेली डोकी वर झाली. मग “येर! येर!” असा ओरडा, म्हणजे पाणी. सव्वीस घरांतून चुली विझल्याचा धूर एकदम वर आला. बाया एका कडेवर पोर, एका हातात बियाण्याचा गोळा अशा धावत सुटल्या. वच्छलाबाई विहिरीवरून पळत आल्या, घरात शिरल्या आणि ती पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन निघाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते आमच्या मुंबईच्या नट्यांना दहा जन्मांत जमणार नाही. ही माणसं जन्मजात कलावंत आहेत. दिग्दर्शनाची गरजच पडली नाही.

मी टाळ्या वाजवणार, एवढ्यात चौबळ कॅमेरा उघडून म्हणाला, “गेटमध्ये केस आहे.” लेन्सच्या मागे जी चौकट असते तिच्यात कुठूनतरी एक केस येऊन बसला होता. तो आता सबंध प्रसंगभर पडद्यावर नाचणार. सगळं मुसळ केरात.

लोकांना परत बोलवायला पहाडी चढलो. सगळे नदीकडे डोळे लावून बसले होते. मी म्हटलं, पाणी नाही, सिनेमा आहे, परत करायचं आहे. गावचा पाटील झाडू, त्यालाच तेवढं मराठी येतं, त्याने ते माडियात सांगितलं. लोकांनी एकदा नदीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. मग बायनाबाई नावाची एक दात नसलेली म्हातारी हसायला लागली आणि मग सगळेच हसले. वच्छलाबाई हसल्या नाहीत. पेटी तशीच मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

“साहेब, ह्यानं करायले सांगतलं का?” त्यांनी विचारलं. ह्यानं म्हणजे नवऱ्याने. मी मान डोलावली. हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही.

मोबदला म्हणून घरटी एक ग्लुकोज बिस्किटांचा पुडा दिला. पोरं बेहद्द खूश.

दुसरा टेक बारा वाजता. साफ फसला. बाया हसत चालत होत्या, पोरं कॅमेऱ्याकडे बघत होती. मी झाडूला म्हटलं, घाबरा म्हणून सांग. त्याने सांगितलं. सगळ्यांनी डोळे मोठे केले. तिसरा टेक दीडला, त्याहून वाईट. दोघांनी चूल विझवलीच नाही. वच्छलाबाईंना पेटी परत आणा म्हटलं तर दार लावून घेतलं. सकाळच्या चेहऱ्यांवर जे होतं ते गेलं कुठे? एकदा केलं ते परत करता येत नाही, हीच हौशी नटांची अडचण.

बिस्किटं वाटताना झाडूने विचारलं, “साहेब, आता घंटी तुमची का गुणवंतभाऊची?”

“सध्या माझी,” मी म्हटलं. तो फार विचारात पडला. एवढं काय त्यात?

११ मे

रात्रभर विचार केला आणि चूक सापडली. पहाडीकडे पळताना सगळ्यांच्या पाठी दिसतात. पाठीवर भाव नसतात. शिवाय ऊन समोरून येतं. तेव्हा कॅमेरा नदीकाठच्या आंब्याखाली लावला आणि गावाला तिकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, धावत यायला सांगितलं. पडद्यावर कोणाला कळतंय नदी कुठे आणि पहाडी कुठे! बिस्किटांची खोकीही आंब्याखालीच मांडली, म्हणजे पावलांना जरा वेग येईल.

चौबळ म्हणाला, “नदीकडे?”

“हो.”

“बरं.”

चौथा टेक पुष्कळ चांगला झाला. पोरं तर अशी धावली की खोकी उलटी झाली. फक्त बायनाबाई. ही म्हातारी सगळ्यांच्या मागून लुटुलुटू येते आणि कट म्हटल्यावर चित्रात शिरते. मी तिला बाजूला घेतलं, झाडूकरवी समजावलं, “आजी, घंटी वाजली की तू सगळ्यांच्या आधी निघायचं. तुला दोन पुडे.” तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि काहीतरी बोलली. झाडू म्हणाला, “ते म्हनते, तू बरा पोरगा हायस, पन तुले भूक कोनी लावली एवढी?” यात भुकेचा काय संबंध ते कळलं नाही.

पाचव्या टेकला बायनाबाई सर्वांच्या आधी आंब्याखाली. ओके.

१२ मे

गुणवंतराव काल रात्री उशिरा आले. सकाळी तारेचं बंडल खांद्यावर घेऊन गावभर दाखवत निघाले होते. एका पोराच्या हातात बिस्किटाचा कागद दिसला. त्याला काही विचारलं. पोराने रुळाकडे बोट दाखवलं, मग आंब्याकडे.

मला वाटलं आता तमाशा होणार. मी दोन-तीन उत्तम वाक्यं तयार ठेवली होती. पण ते बंडल खाली ठेवून घरात गेले आणि रजिस्टर घेऊन बाहेर आले.

“किती डाव वाजवली?”

“पाचदा.”

खोटीच्या रकान्यात त्यांनी पाच लिहिलं. मग वही आणि पेन माझ्यापुढे धरलं. “इथी सही करा.”

वाईट वाटण्याच्या पलीकडे गेलेल्या माणसालाही कलावंताची सही हवीशी वाटते, हे पाहून मला बरं वाटलं. मी वर ‘शुभेच्छांसह’ असं लिहून झोकदार सही ठोकली.

१३ मे

काल दुपारपासून गुणवंतराव घरोघर जाऊन काहीतरी समजावताहेत. ते गावातल्या माडियात अडखळत बोलतात, लोक ऐकतात, मान हलवतात आणि हसतात. दृश्य फार सुंदर होतं, पण फिल्म संपली होती.

निघताना ते जीपपाशी आले. “साहेब, जायच्या आंधी गावाले तुमीच सांगा, का ते झूट होती आन तुमी वाजवली. माह्यावर इस्वास नाई ठेवून राह्यले. म्हनतेत, तू तार घेतली.”

ऊन चढत होतं आणि आलापल्ली गाठायची होती. मी “सांगतो, सांगतो” म्हटलं आणि जीपमधून सगळ्यांना हात केला. पोरं बरीच लांबपर्यंत मागे धावली.

२० जून, मुंबई

संकलन चालू आहे. चानकाचं भाषण चार मिनिटांवरून सात सेकंदांवर आणलं. आता गुणवंतराव फक्त “दोघाइच्या मंधात फकस्त घंटी” एवढंच म्हणतात आणि लगेच पाचवा टेक. पहिल्या टेकमधला पेटीवाला तुकडा केसासकट वापरला. मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, तो केस प्रतीकात्मक वाटतो. मी विनयाने मान खाली घातली.

११ जुलै

मंडळासमोर खेळ झाला. दोन सभासदांनी डोळे पुसले. दिल्लीला पाठवायचं नक्की झालं. भाषणं संपल्यावर प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर, वेंगुर्ल्याकडचा काटकुळा माणूस, रिळं डब्यात भरताना म्हणाला, “साहेब, एक विचारू? पूर आलाय आणि माणसं पाण्याकडे कशाला धावताहेत?”

म्हटलं, ती चित्रपटाची भाषा आहे.

“होय का,” तो म्हणाला आणि डबा बंद केला. एवढ्या शहाण्या माणसांत नेमका हाच एक प्रेक्षक निघावा! दिवसभर डोक्यात तेच होतं. कारण नसताना चौबळवर चिडलो.

२४ ऑगस्ट

वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी. गडचिरोली जिल्ह्यात पूर, भामरागडचा संपर्क तुटला, बस बंद. अगदी तीन महिने उशिरा! तेव्हा आलं असतं तर पाणी जोडावं लागलं नसतं. नद्यांना वेळापत्रक नसतं हेच खरं.

मरकागुड्याचं नाव बातमीत नाही. नसणारच. सव्वीस घरांना कोण विचारतो? तरी पत्र टाकलं, यंत्र कसं आहे म्हणून.

९ सप्टेंबर

गुणवंतरावांचं पत्र आलं. माझं त्यांना मिळालेलं दिसत नाही. जसंच्या तसं उतरवतो, कारण दुसरं काही लिहिता येत नाही.

“जय भीम. कळवण्यास येते ते येणेप्रमाणे.

ता. १४ ऑगस्ट. घंटी वाजली सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी. पाण्यानं वाजवली. खरी.

पावसाळा लागला तवापासून मी रोज आंब्याखाली बसून राह्यलो होतो. लोक तिकडंच येतीन हे मले मालूम होतं. त्या दिवशी तारेवर झाडाची डांग पडली म्हणून ते काढायले गेलो. वाजली तवा मी अर्ध्या मैलावर. पळालो. गुडघा साथ देत नाई, तरी पळालो.

लोक बिस्किटं घ्यायले पानाचे दोने घेऊन नदीकडं येऊन राह्यले होते. मोठे आन पोरं मिळून एकतीस. बाकीचे घरीच बसून, चुली चालू. मी वाटेत आडवा झालो. झाडूभाऊनं लोकाइवर काठी उगारली, वच्छलानं घरोघरी चुलीत पाणी ओतलं. एकतीसच्या एकतीस परतवले, सगळे पहाडीवर पोचले.

बायनाबाई बत्तिसावी. ते आंब्याखाली पोचून गेली होती. ते सगळ्याइच्या आंधी निघाली, तुमी तिले तसं सांगतलं होतं. तिनं मले पाह्यलं आन हात केला. मंग पाणी आलं.

गावाचं म्हणणं का घंटी मी तुमाले तारेच्या बंडलासाठी इकली. मी रजिस्टर दाखवलं. खोटीच्या रकान्यात पाच आन समोर तुमची सही. पण इथी कोणाले वाचता येत नाई. भागीरथा गेली तवापासून बालवाडी बंद हाय. म्हणून कागदाचा उपयोग नाई, मानूस पाह्यजे. पाऊस आखीन बाकी हाय. तुमी या आन तोंडानं सांगा. नाई तं पुढची वाजली का कोणी हालणार नाई.

पान फाडून पाठवलं असतं, पण त्याच्या मांगं भागीरथाचं अक्षर हाय.

तुमी सहीवर शुभेच्छांसह लिवलं. वच्छलानं पुसलं का काय लिवलं. मी सांगतलं नाई.

आपला, गु. सो. उराडे.”

सकाळपासून इथेच बसलो आहे. काहीतरी तिरकस सुचेल म्हणून वाट पाहिली, माझं नेहमी तसंच होतं. सुचलं नाही. मी त्या म्हातारीला मारलं. दोन पुडे देईन म्हणालो होतो आणि पाचव्या टेकनंतर खोकं रिकामं झालं होतं, म्हणून तिला एकच दिला होता.

११ सप्टेंबर

दिल्लीचं आमंत्रण आलं. पंधरा तारखेला खेळ, सोळाला सत्कार. नागपूरचं तिकीट काढलं. चौबळला सांगितलं तर तो म्हणाला, “मी येऊ? कॅमेरा नाही आणत.” मी नको म्हटलं.

१५ सप्टेंबर, मरकागुडा

भामरागडपासून चालत आलो, तीन ठिकाणी कमरेएवढ्या पाण्यातून. वच्छलाबाईंनी पाणी दिलं आणि आत गेल्या. गुणवंतराव खाटेवर आहेत, गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला आहे. म्हणाले, “आले. बरं झालं.”

गाव जमवायला घंटी वाजवता येत नाही. झाडू घरोघर फिरला. सगळे अंगणात आले आणि दूर दूर बसले. मी उभा राहून सांगितलं. पाचही वेळा घंटी मी ओढली. गुणवंतरावांना खोटं सांगून आलापल्लीला पाठवलं. तार ही लाच नव्हती, माझी लबाडी होती. बायनाबाईला आधी निघ म्हणून मी सांगितलं. घंटी खोटी नाही, मी खोटा आहे. झाडूने सगळं माडियात सांगितलं, मी बोललो त्यापेक्षा जास्त वेळ घेऊन.

कोणी रागावलं नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं. ते वळून झाडांमागे, घरांच्या आडोशाला पाहायला लागले. दोन पोरं उठून आंब्यापर्यंत जाऊन आली. मग बायनाबाईचा मुलगा काहीतरी बोलला.

“तो पुसते,” झाडू म्हणाला, “हे बी फोटोसाठीच हाय का? ते दुसरे साहेब कुठी लपले हाएत?”

मी नाही म्हणालो. पुन्हा नाही म्हणालो. रिकामे हात दाखवले, पिशवी उलटी करून दाखवली. लोकांनी पिशवीतले कपडे पाहिले आणि हळूहळू उठून गेले.

आतून गुणवंतराव म्हणाले, “एका डावात नाई होत, साहेब. माह्या घंटीले चार पावसाळे लागले होते.”

पाऊस अजून महिनाभर तरी आहे. त्यांना आता चालवत नाही आणि आंब्याखाली कोणीतरी बसायला हवं. उद्यापासून मी बसतो आहे. वच्छलाबाईंनी नवऱ्याची काठी आणि घोंगडी दाराशी काढून ठेवली आहे. दिल्लीला तार करायची राहिली.